खुणेचा दगड आणि परतीची वाट



या वेळच्या टपालात नाशिकच्या एका सूनबाईंचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे सासरे ७४ वर्षांचे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांची नोकरी झाली आणि त्या नोकरीतील काही वर्षे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत गेली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून गृहस्थ घराबाहेर पडेनासे झाले; सकाळचे फिरणे सुटले, वर्तमानपत्राची घडीदेखील मोडेना. या दिवाळीत नातवाने त्यांना मोबाइलवरचा एक खेळ दाखविला. अक्षांश-रेखांशांवरून एखादी जागा शोधत जायचे, तेथे कोणी काही ठेवले असेल तर ते पाहायचे, वहीत नोंद करायची आणि परत यायचे. आजोबा थोडा वेळ पाहत राहिले. मग माळ्यावरून नकाशांचे नळकांडे काढून त्यांनी एक जुना नकाशा जमिनीवर पसरला, त्यावरील एका लहानशा त्रिकोणावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हा दगड मी पाहिला आहे. चल, दाखवतो." तेव्हापासून ते रोज पहाटे गच्चीवर फेऱ्या मारीत आहेत.

सूनबाई लिहितात : "बाबांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी हसू दिसले. पण त्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे. त्यांना डोंगरावर जाऊ द्यावे की नाही? उद्या काही झाले तर सगळे मलाच विचारतील."

ते शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. घरातील ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते असते. कागदावर उतरविण्याचे धैर्य थोड्यांनाच होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देणे मला शक्य नाही, कारण या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे. ती पुढे सांगणारच आहे. आधी हा खेळ आणि हे दगड यांविषयी थोडे.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांत अमेरिकेने नागरिकांसाठी मुद्दाम एक चूक मिसळून ठेवलेली होती. ती २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली आणि साध्या यंत्रालाही जागा काही मीटरांच्या अचूकतेने सांगता येऊ लागली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात एका गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तिच्यात वही-पेन्सिल घातली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेथून हा छंद जगभर गेला. ब्रिटनमध्ये १९३६ पासून डोंगरमाथ्यांवर मोजणीसाठी सहा हजारांहून अधिक काँक्रीटचे खांब उभारण्यात आले होते. मोजणीचे काम उपग्रहांकडे गेल्यावर ते निरुपयोगी ठरले. परंतु एकेका खांबाला हात लावून येण्याचा छंद तेथील निवृत्त मंडळींनी आजही जोपासला आहे.

आपल्याकडील दगड त्याहून पुष्कळ जुने. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने १०० फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजावयास घेतली. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरील कोन ठाऊक असतील तर उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्या एवढ्याशा सूत्रावर सबंध हिंदुस्थान मोजला गेला. एका डोंगरावरून दुसरा दिसावा, दुसऱ्यावरून तिसरा, अशी शिखरे निवडली गेली आणि कोन मोजण्याचा नेमका बिंदू हरवू नये म्हणून तेथे दगडावर वर्तुळ व त्याच्या मध्यभागी बिंदू कोरण्यात आला. कोन मोजण्याचे मुख्य यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढविताना दोर निसटून ते आपटले आणि त्याचे चक्र वाकले. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ते स्वतःच्या हाताने सरळ केले.

हा लॅम्बटन आपल्या महाराष्ट्राच्या मातीत निजला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मोजणीचा तळ हैदराबादहून नागपूरकडे हलत असता, प्रकृती ढासळलेली असूनही तो निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वाटेतच वारला. वय सत्तरीच्या आसपास. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट तापाने इतका खंगला होता की १८२० मध्ये त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला जावे लागले. एक परत फिरला आणि पुढे वीस वर्षे काम करू शकला. दुसरा फिरला नाही. मी लॅम्बटनला दोष देत नाही. परंतु डोंगराची ओढ लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला थांबविणे किती कठीण असते, हे त्यावरून दिसते.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. पालघर जिल्ह्याचा हा उंच, डोंगराळ भाग. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. पूर्वीच्या मुकणे संस्थानिकांची ही राजधानी. मोखाड्याकडून पूर्वेस जावे तसतशा त्र्यंबकच्या डोंगररांगा जवळ येत जातात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या जुन्या क्रमांकानुसार हा प्रदेश ४७ ई या गटात येतो. ५०,००० मध्ये एक या प्रमाणाच्या या नकाशांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. त्रिकोण आणि शेजारी आकडा असेल तर तेथील उंची त्रिकोणमितीने मोजलेली आहे असे समजावे. नुसता ठिपका असेल तर दगड मिळण्याची आशा धरू नये. तपकिरी रंगाच्या वळणदार रेषा समान उंचीच्या असतात आणि लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटरांचा चढ असतो. ज्येष्ठांसाठी या साऱ्या नकाशात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. गावापासून त्रिकोणापर्यंत अशा पाच रेषा ओलांडाव्या लागत असतील, तर १०० मीटर चढायचे आहेत, म्हणजे सुमारे तेहतीस मजली इमारतीचे जिने. आपल्या घराचे दोन मजले चढताना काय होते ते आपल्याला ठाऊक असतेच. बाकीचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मोबाइलवरील बाण हा हिशेब सांगत नाही, आणि माझी चूक येथेच घडली.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि मी ६६. जानेवारीचा महिना. मोखाडा तालुक्यातील एका डोंगरावर नकाशात त्रिकोण होता. त्याचे अक्षांश-रेखांश मी मोबाइलमध्ये भरून ठेवले होते. सातला निघायचे ठरले होते. चहा, पोहे, गाडीत विसरलेली टोपी असे करीत चढायला सुरुवात केली तेव्हा साडेनऊ वाजले होते. अण्णा रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत. ती त्यांनी सकाळी घेतली होती, आणि वाटेत अडचण नको म्हणून पाणी मात्र प्यायले नव्हते. हे मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

साडेअकराच्या सुमारास ते एका खडकावर टेकले आणि म्हणाले, "बाळ, तू जाऊन ये. मी येथे बसतो." मी मोबाइल पाहिला. अंतर १८० मीटर. मी म्हणालो, "अण्णा, एवढे आलात, आता हाकेच्या अंतरावर आहे." ते उठले. थोरल्या भावाला धाकट्यापुढे बसून राहणे अवघड वाटले असावे.

ते १८० मीटर आकाशातून उडणाऱ्या पक्ष्याचे होते. मध्ये एक ओढ्याची घळ होती. ती उतरून पुन्हा वर चढायला आम्हांला पन्नास मिनिटे लागली. दगड मिळाला. गवतात अर्धा रुतलेला. वरचे वर्तुळ बोटांना लागत होते, डोळ्यांना दिसत नव्हते. अण्णांनी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, रुमालाने पुसले, आणि बिंदू उमटला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

उतरताना वाळलेल्या गवतावरून त्यांचा पाय सरकला. हात टेकला आणि मनगट मोडले. मोबाइलला रेंज नव्हती. टॉवेलाची झोळी करून हात गळ्यात अडकविला आणि खालच्या पाड्यावर पोहोचायला आम्हांला दोन तास लागले. पुढे सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत अण्णांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावण्यापासून आंघोळीपर्यंत सारे वहिनींच्या अंगावर पडले. त्यांना स्वतःला गुडघ्यांचा त्रास. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर मी या प्रकरणाचा पुष्कळ विचार केला. ७६ वर्षांच्या माणसाने डोंगर चढणे चूक नव्हते. अण्णांना आपले शरीर कळत होते आणि त्यांनी वेळेवर सांगितलेही होते. चूक ही की आम्ही परतीची वेळ घरून ठरवून निघालो नव्हतो, आणि हातातील यंत्र केवळ दगड किती जवळ आला हे सांगत होते. घर किती दूर राहिले हे ते सांगत नाही. आकडा २०० वरून १८०, १८० वरून १६० होत जातो तेव्हा माणसाची बुद्धी त्याच्यामागे जाते. मग ते वय सातवीतल्या मुलाचे असो की आजोबांचे.

म्हणून सूनबाई, पहिली गोष्ट ही. निघण्यापूर्वी घड्याळातील एक वेळ कागदावर लिहा. सातला चढायला सुरुवात केली तर नऊ वाजता, जेथे असू तेथून, मागे फिरायचे. दगड समोर दिसत असला तरीही. हा कागद नातवाच्या खिशात द्या, आजोबांच्या नव्हे. दमलेल्या माणसाने नवा निर्णय घेऊ नये, जुना पाळावा.

आता प्रकृतीविषयी. चालताना छातीत दाब येत असेल, थोड्या श्रमाने धाप लागत असेल, अलीकडे हृदयाचा झटका वा शस्त्रक्रिया झाली असेल, चक्कर येऊन पडण्याचे प्रसंग घडले असतील, तर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याखेरीज चढाचे नाव काढू नये. एरवी एक सोपी परीक्षा घरीच घेता येते. हातांच्या खुर्चीत बसावे, तीन मीटरांवर खडूने रेघ मारावी. उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जावे, वळावे, परत येऊन बसावे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. अशांनी आधी तोल आणि मांड्यांचे बळ वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि त्याबरोबरच आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम. पहिली गोष्ट पुष्कळ जण करतात. दुसरीकडे कोणाचे लक्ष नसते. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणे-बसणे, ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे, भिंतीशी उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे. हे दोन महिने करावे आणि मग नकाशा उघडावा.

दम किती लागू द्यावा? चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा. घड्याळातील नाडीच्या आकड्यावर फार विसंबू नये, कारण रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत.

उतारासंबंधी थोडे सविस्तर लिहितो, कारण लोक चढाला भितात आणि उताराला हसतात. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावत शरीर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराला आवरून धरतात. हे काम धाप न लागता होते, म्हणून ते सोपे वाटते. पण स्नायू थकले की आवरून धरण्याची शक्ती एकाएकी सुटते, गुडघा लचकतो आणि पाऊल जेथे ठेवायचे तेथे पडत नाही. म्हणून निम्म्याहून अधिक बळ उतारासाठी राखावे. दोन काठ्या वापराव्यात. एक नव्हे, दोन. त्यांनी गुडघ्यांवरील भार हलका होतो आणि तोलही राहतो. उतरताना काठ्यांची लांबी थोडी वाढवावी, पावले आखूड टाकावीत, आणि उतार तीव्र असेल तर तिरके उतरावे. ट्रेकिंगच्या महागड्या काठ्या नसतील तर जव्हारच्या बाजारात बांबू मिळतो. आणि हो : उभ्या उंचीवरून पडून ज्येष्ठ व्यक्तीचे मनगट मोडले, तर प्लास्टर निघाल्यावर विषय संपला असे मानू नये. हाडांची घनता तपासून घ्यावी. अण्णांची तपासली तेव्हा हाडे विरळ झालेली निघाली. उपचार सुरू झाले. एका परीने त्या दगडाने पुढचे मोठे हाड वाचविले असेल.

मधुमेहाविषयी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे; डोंगरावर ती सहजपणे 'दमले असतील' म्हणून खपून जातात. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर वर आल्यावर काही खावयास द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. त्या दिवशी गोळीची मात्रा किती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. स्वतः ठरवू नये. साखर कित्येक तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. घरी आल्यावर पाय धुऊन तळवे व बोटांमधील जागा उजेडात पाहाव्यात. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. बूट चावलेला कळत नाही.

पाण्याविषयी अण्णांचे उदाहरण पुरेसे आहे. वय वाढते तशी तहान लागणे कमी होते, म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी सहलीच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे. लाजू नये.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हा प्रदेश अतिशय देखणा दिसतो, आणि खडक तितकेच निसरडे असतात. मार्चनंतर ऊन सोसत नाही. उंच गवतात व दगडांच्या राशीत फुरसे असते, म्हणून खुणेचा दगड शोधताना हात घालण्यापूर्वी काठीने गवत हलवावे. साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काही करू नये. तो अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. १०८ आणि ११२ हे क्रमांक ठाऊक असावेत, पण मोखाड्याच्या घळींत रेंज नसते हेही ठाऊक असावे. मोबाइलला आपली जागा कळण्यासाठी रेंज लागत नाही, उपग्रहांचा संकेत पुरतो; नकाशा मात्र घरीच उतरवून घ्यावा लागतो. म्हणून कोठे जातो आणि किती वाजेपर्यंत परतू, हे पाड्यावर कोणाला तरी सांगून जावे.

पाड्यावर सांगायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. दिवाळीनंतर येथील तरुण कुटुंबे मजुरीसाठी भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर निघून जातात. आपल्या डोंगर चढण्याच्या ऋतूत घरोघरी उरतात ती म्हातारी माणसे आणि काही मुले. आपण गाडीतून उतरून दोन काठ्या घेऊन, डॉक्टरांना विचारून जी चढण चढतो, तिच्यावरून आपल्याच वयाची आजी डोक्यावर मोळी घेऊन उतरत असते. तिला कोणी 'जाऊ द्यावे की नाही' असे विचारलेले नसते. तिच्याशी बोलावे. वाट तिलाच विचारावी. वाट दाखवायला कोणी आले तर पुरी मजुरी द्यावी; मात्र सत्तरीच्या आजोबांच्या खांद्यावर आपली पिशवी देऊ नये.

आणखी एक. माथ्यावरील प्रत्येक दगड मोजणीचा नसतो. शेंदूर लावलेला, वाघ कोरलेला दगड किंवा लाकडी खांब हा वाघोबा असतो. तेथे वहाणा काढाव्यात, फोटोसाठी हलवाहलव करू नये. काही दगड गावाच्या शिवेचे असतात, काही वनखात्याच्या हद्दीचे. कोणताही दगड उकरू नये. हद्दीच्या खुणेला इजा करणे हा जमीन महसूल संहितेनुसार दंडनीय अपराध आहे. या खेळात डबे लपविण्याची रीत आहे, पण वनजमिनीत परवानगीवाचून डबा ठेवू नये. पाहावे, वहीत लिहावे, यावे. नाशिकच्या बाबांना हे मी सांगायला नको. ३३ फुटांची शंकू साखळी आणि तिचे १६ आणे ज्याने उन्हातान्हात ओढले, त्याला दगडाची किंमत माझ्याहून अधिक ठाऊक असणार.

या छंदाने स्मरणशक्ती सुधारते का, असेही सूनबाईंनी विचारले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० वृद्ध व्यक्ती होत्या. ज्यांनी वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम केला त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो घटलेला. तो अभ्यास साध्या चालण्याचा होता, दगड शोधण्याचा नव्हे, म्हणून मी अधिक काही म्हणणार नाही. मात्र जे गृहस्थ दोन वर्षे घराबाहेर पडत नव्हते ते पहाटे उठून गच्चीवर चालत आहेत. गोळ्यांनी जे झाले नाही ते नकाशाने केले. हे मला पुरेसे वाटते.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्या खेपेस जव्हारला हनुमान पॉइंट आणि शिर्पामाळ. दोन्हीकडे गाडी जवळपर्यंत जाते. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज शिर्पामाळावर थांबले होते. तेथे नातवाने मोबाइलवर आणि आजोबांनी कागदावर, असे दोघांनी आपले ठिकाण काढावे आणि कोणाचे चुकले ते पाहावे. दुसऱ्या खेपेस खोडाळ्याजवळील सूर्यमाळ. उंच पण सपाट, चालायला मोकळे. हे दोन्ही दिवस निभावले, दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले नाहीत, साखर ठीक राहिली, तर झापच्या बाजूने भूपतगड. तोही पहाटे, वाटाड्या घेऊन. त्रिकोणाचा डोंगर त्यानंतर. त्या पहिल्या त्रिकोणापर्यंत पोहोचायला हा हिवाळा पुरला नाही तर पुढचा आहे.

आणि तुम्ही स्वतः बरोबर जाऊ नका. हे वाचून आश्चर्य वाटेल. नातू आहे, तुमचे यजमान आहेत. त्यांनी रजा काढावी. 'काही झाले तर मलाच विचारतील' हे ज्या घरात एकाच व्यक्तीला वाटते, त्या घरात निर्णय एकत्र बसून व्हायला हवा : बाबा, मुलगा, सून, नातू, समोर नकाशा आणि औषधांची यादी. परतीची वेळ सर्वांनी मिळून लिहावी. त्या दिवशी तुम्ही झोपा, किंवा मैत्रिणीकडे जा.

अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत. गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो, वहिनींना विचारून. कागदावर साडेनऊ लिहिले होते. साडेनऊ वाजले तेव्हा यंत्रावर ९० मीटर होते आणि माथा समोर दिसत होता. मी काही बोललो नाही. अण्णांनी दोन खजूर मला दिले, दोन स्वतः खाल्ले, वही काढली आणि लिहिले : 'ठिकाण दिसले. गेलो नाही. हवा स्वच्छ.' साडेबाराला आम्ही जव्हारला जेवायला बसलो होतो.

बाबांच्या वहीतील पहिली नोंद कोणती झाली ते मला जरूर कळवा. आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी त्यांची साखर एकदा तपासा.